लॅपटॉपवरून हलवलं म्हणजे बॅकअप झाला का?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचं म्हणणं थोडक्यात असं आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांच्या घरची हळद-बेदाण्याची अडत पेढी आहे आणि टॅलीतले हिशेब त्या स्वतः बघतात. लॅपटॉप भरत आला म्हणून त्यांनी जुन्या वर्षांचा टॅली डेटा, शेतकऱ्यांच्या पट्ट्यांचे, म्हणजे मालविक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्यांचे स्कॅन, जमिनीचे कागद आणि मुलांचे जन्मापासूनचे फोटो असं साधारण ४०० जीबी सामान २ टीबीच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर हलवलं आणि लॅपटॉप मोकळा केला. त्या विचारतात, "बॅकअप तर झाला, पण फोल्डरांचा गोंधळ आहे. फाईली कशा लावू? ही डिस्क किती वर्षं टिकेल? दुसरी घ्यायची तर कोणत्या कंपनीची?" आणि शेवटी जाता जाता लिहिलंय, "हल्ली डिस्क जोडली की उघडायला दोन-तीन मिनिटं लागतात, पण उघडते."

ताई, मी गेली वीस-बावीस वर्षं सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्ती आणि बिघडलेल्या डिस्कमधून डेटा काढायचं काम करतो. तुमच्या प्रश्नातली ही शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. फाईली लावण्याचं काम आज हातात घेऊ नका. जी डिस्क आधी पटकन उघडायची आणि आता दोन-तीन मिनिटं घेते, ती बहुतेक वेळा कुठला तरी खराब झालेला भाग पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत असते. केबल किंवा यूएसबीचं पोर्ट ढिलं असलं तरी असं होऊ शकतं, त्यामुळे केबल बदलून, दुसऱ्या पोर्टला जोडून एकदा बघा. पण तेवढ्यावर विसंबू नका. अशा डिस्कवर फोल्डर इकडून तिकडे हलवणं, नावं बदलणं, डुप्लिकेट शोधणारं सॉफ्टवेअर चालवणं म्हणजे थकलेल्या माणसाला जिना चढायला लावणं. डिस्क तपासून "दुरुस्त" करायचा जो पर्याय विंडोज देतं, तोही आत्ता नको. तो डिस्कवर लिहितो, आणि आजारी डिस्कवर लिहिण्यात धोका असतो.

आज दुसरी डिस्क आणा आणि कॉपी सुरू करा. आधी पेढीचा डेटा, मग जमिनीचे कागद, मग फोटो, आणि सगळ्यात शेवटी सिनेमे-गाणी जे काय असेल ते. क्रम असाच ठेवा, कारण डिस्क मध्येच बसली तर निदान बाजारातून पुन्हा न मिळणाऱ्या गोष्टी आधी बाहेर आलेल्या असतील. विंडोजची साधी कॉपी एखाद्या खराब फाईलपाशी अडून बसते. टेराकॉपीसारखं फुकट मिळणारं साधन वापरलं तर ते न वाचलेल्या फाईली बाजूला ठेवून पुढे जातं, शेवटी त्यांची यादी देतं आणि कॉपी झालेली फाईल मूळ फाईलशी ताडूनही बघतं. कॉपी चालू असताना टक-टक असा एका लयीत आवाज यायला लागला, तर त्या क्षणी डिस्क काढा आणि पुन्हा जोडू नका. आतल्या चकत्यांवरून फिरणारं हेड चकतीपासून केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी अंतरावर तरंगत असतं. ते बिघडलं की डिस्क चालू ठेवलेलं प्रत्येक मिनिट चकतीवर ओरखडे काढतं. लोक "अजून एकदा बघू" म्हणत पाच-सहा वेळा जोडतात, आणि जे काम डेटा काढणाऱ्या लॅबमध्ये झालं असतं तेही मग होत नाही.

आता मूळ मुद्दा. तुम्ही जे केलं त्याला हलवणं म्हणतात, बॅकअप नव्हे. पूर्वी फाईली लॅपटॉपवर एका जागी होत्या, आता डिस्कवर एका जागी आहेत. प्रत एकच राहिली. उलट ती रोज डोळ्यांसमोर असलेल्या लॅपटॉपमधून निघून, टेबलावरून पडू शकणाऱ्या डिस्कवर गेली. ही चूक तुमची एकटीची नाही. माझ्याकडे रडकुंडीला येणाऱ्या दहातल्या निम्म्या माणसांनी हेच केलेलं असतं, कारण दुकानदाराने डिस्क विकताना तिचं नाव "बॅकअप डिस्क" असंच सांगितलेलं असतं. त्यामुळे डिस्क किती वर्षं टिकेल या प्रश्नाला माझं उत्तर असं, की ती उद्या जाईल असं धरून व्यवस्था लावायची. कोणी तीन वर्षांत गेलेली पाहिली, कोणी दहा वर्षं वापरली. तुमची कुठली निघेल ते आधी कोणीही सांगू शकत नाही. कंपनीचंही तसंच. नावाजलेल्या दोन-तीनपैकी कुठलीही घ्या, फक्त दोन डिस्क एकाच वेळी, एकाच कंपनीच्या, एकाच खोक्यातल्या घेऊ नका. एका घाण्यातल्या मालात दोष असला तर दोन्हीत असतो.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला एक नियम आमच्या धंद्यात सगळे सांगतात. प्रती तीन, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत घराबाहेर. ऐकायला सोपा आहे, पण त्यातला "घराबाहेर" हा शब्द मला स्वतःला २०१९ साली नीट कळला.

त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ओसरल्यावर माझ्या टेबलावर चिखलाने भरलेल्या डिस्क, लॅपटॉप, सीपीयू यांची रांग लागली होती. गावभागातलं एक कुटुंब आलं होतं. त्या घरातला मुलगा फार व्यवस्थित. त्याने फोटोंच्या दोन प्रती केल्या होत्या, दोन वेगळ्या डिस्कवर, दोन्हींवर लेबल. आणि दोन्ही एकाच लोखंडी कपाटाच्या एकाच खणात. पाणी शिरलं ते दोन्हींवर. तरी आशा होती, पण घरच्यांनी काळजीपोटी त्या डिस्क दोन दिवस उन्हात वाळवल्या आणि मग चालतात का म्हणून जोडून पाहिल्या. बहुतेक हार्ड डिस्कला हवेसाठी एक बारीक भोक असतं, त्यातून पुराचं पाणी आत जातं. ते वाळलं की गाळ चकतीवर बसतो, आणि डिस्क फिरली की तो गाळ कानशीसारखा काम करतो. भिजलेली डिस्क वाळवायची नसते, तांदळात घालायची नसते आणि वीज तर द्यायचीच नसते. ओली आहे तशी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून लॅबला न्यायची. त्या कुटुंबाचं काहीच वाचलं नाही. त्या मुलाच्या आजीचा शेवटचा वाढदिवस त्यात होता. तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारतो, दुसरी प्रत कोणत्या गावात आहे?

तुम्ही हळदीच्या व्यापारातल्या, तुम्हाला हरिपूरची पेवं सांगायला नकोत. जमिनीखालच्या त्या कोठारांत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची, पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. २००५ च्या पुराचं पाणी त्या पेवांतही शिरलं. साठवण उत्तम होती, पण सगळी एकाच काठावर होती. तुमच्या डिस्कचं तसं होऊ नये एवढंच बघायचंय. पेढी यार्डात आणि घर विश्रामबागेत असेल तर ती दोन ठिकाणं झाली खरी, पण त्याहून बरं म्हणजे नदीपासून दूरचं नातेवाइकांचं घर. माहेर, बहीण, कोणी विश्वासाचं मिरजेत वरच्या भागात, तासगावात, विट्यात राहत असेल तर एक डिस्क त्यांच्या कपाटात ठेवा. तिथे तुमचं येणं-जाणं असतं, म्हणजे डिस्कची अदलाबदल आपोआप होते. चोरी, आग, शॉर्टसर्किट या सगळ्यांवर हाच उतारा आहे.

यापुढचं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, म्हणून दोन प्रश्न तुम्हीच स्वतःला विचारा. लॅपटॉप आज गेला तर किती दिवसांचं काम पुन्हा करायची तयारी आहे? आणि पेढीचा हिशेब किती वेळ बंद राहिलेला चालेल? सौद्याच्या हंगामात रोज पन्नास-साठ पट्ट्या निघत असतील तर एक दिवसही गेलेला परवडणार नाही. फोटोंचं मात्र महिन्याचं अंतर राहिलं तरी चालतं. म्हणूनच ४०० जीबीकडे एकच ढीग म्हणून बघू नका. माझ्या अंदाजाने त्यातला पेढीचा डेटा आणि कागदपत्रं मिळून पाच-दहा जीबीच असतील. तो भाग लहान, रोज बदलणारा आणि पोट चालवणारा. बाकीचे फोटो-व्हिडिओ अवजड, पण एकदा ठेवले की बदलत नाहीत. दोघांना औषध वेगळं.

लहान भागासाठी क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरची साठवण, वापरा. गूगल खात्यावर १५ जीबी फुकट असतं, तुमच्या पेढीला ते बरेच दिवस पुरेल, मात्र ते जीमेल आणि फोटो यांच्यातही वाटलं जातं. फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवायचे तर आधी हिशेब करा. २० एमबीपीएस अपलोड वेग असला तरी ४०० जीबीला न थांबता चव्वेचाळीस तास लागतील, आणि जागेचे पैसे दरवर्षी द्यावे लागतील. जमत असेल तर जरूर करा, नसेल तर फोटोंना दोन डिस्क, त्यातली एक परगावी, एवढं पुरेसं आहे.

क्लाउडबद्दल एक गैरसमज मला फार त्रास देतो. ड्राइव्हचं फोल्डर लॅपटॉपशी जोडून ठेवलं की लोकांना वाटतं बॅकअप झाला. ते सिंक असतं, म्हणजे आरसा. तुम्ही इकडे फाईल पुसली की तिकडचीही पुसली जाते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते, मग कायमची जाते. मार्चअखेरीला एखादं जुनं वर्ष चुकून पुसलं गेलं आणि लक्षात आलं जूनमध्ये ऑडिटच्या वेळी, तर आरसा काही कामाचा नाही. म्हणून रोजचा बॅकअप एकाच फाईलवर पुन्हा पुन्हा लिहायचा नाही. तारखेचं नवीन फोल्डर करायचं. मी गिऱ्हाइकांना असं लावून देतो: शेवटच्या सात दिवसांचे सात, त्यामागच्या महिन्याचे आठवड्याला एक, आणि त्यामागचे महिन्याला एक. आर्थिक वर्ष संपल्यावरचा ३१ मार्चचा बॅकअप वेगळा काढून कधीच पुसायचा नाही. पेढी जीएसटीत नोंदलेली असेल तर हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, ते यातच साधतं.

टॅलीचा बॅकअप टॅलीतल्या बॅकअपच्या पर्यायातूनच घ्या. टॅलीत कंपनी उघडी असताना नुसतं डेटाचं फोल्डर उचलून कॉपी केलं तर अर्धवट लिहिलेल्या फाईली जाऊ शकतात. पूर्वी दिवेलागणीला रोजमेळ जुळवल्याशिवाय दुकानाची फळी लागायची नाही, तसं आता रोजमेळ जुळला की बॅकअप, मग लॅपटॉप बंद, असा परिपाठ ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि तो बॅकअप उघडून बघा. हे मी आग्रहाने सांगतो, कारण एका व्यापाऱ्याच्या पेढीवर मी लावून दिलेला बॅकअप आठ महिने रोज चालत होता आणि त्यात काहीच नव्हतं. पेन ड्राइव्ह भरला होता, दर वेळी शून्य आकाराची फाईल बनत होती, आणि पडद्यावरची सूचना मुनीम न वाचता बंद करत होते. लॅपटॉप बिघडला तेव्हा हे कळलं. खतावणी पुन्हा कागदावरून भरायला त्यांना अडीच महिने लागले. मी दर महिन्याला तपासायला हवं होतं, तपासलं नाही. तेव्हापासून माझ्यापुरतं ठरलंय, उघडून पाहिल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणायचं नाही. तुम्ही तीन महिन्यांतून एकदा टॅलीचा बॅकअप रिस्टोअर करून दोन-चार खात्यांची शिल्लक ताडून बघा. मात्र रिस्टोअर करताना वेगळं रिकामं फोल्डर निवडा. चालू डेटाच्या जागीच केलात तर आजचं काम जुन्याखाली झाकलं जाईल. फोटोंच्या डिस्कवरचे दहा-वीस फोटो आणि एक-दोन मोठे व्हिडिओ अधूनमधून मधूनच उचलून उघडा.

डिस्क काम झालं की काढून ठेवायची, हेही तितकंच महत्त्वाचं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभर कॉम्प्युटर कुलूपबंद केले, हे तुम्ही ऐकलं असेल. या जातीचे व्हायरस लॅपटॉपच्या फाईली बंद करतात तशाच त्या वेळी जोडलेल्या डिस्कच्याही करतात. कपाटातल्या डिस्कपर्यंत ते पोचू शकत नाहीत. काढताना विंडोजला सांगून, सुरक्षित काढण्याच्या पर्यायातूनच काढा. कॉपी चालू असताना लाईट जाणं आणि केबल ओढणं यांनीच मी सर्वांत जास्त डिस्क बिघडलेल्या पाहिल्यात.

दुसरी डिस्क एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली, घ्यावी का असंही तुमच्या मनात येईल. पडून झडून तिला सहसा काही होत नाही, वेग चांगला, रोज हाताळायला छान. पण वर्षानुवर्षं विजेशिवाय कपाटात ठेवायला ती बनलेली नाही, आणि तिच्यातून पुसलेलं परत काढणं आम्हाला बहुधा जमत नाही. परगावच्या कपाटासाठी साधी फिरती हार्ड डिस्कच बरी, तीही दोन-तीन महिन्यांनी जोडून बघितलेली.

कुलपाचंही बोलतो. शेतकऱ्यांचे बँक तपशील, आधारच्या प्रती असलेली डिस्क परगावी ठेवताना तिला पासवर्ड असावा. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आहे, नाहीतर व्हेराक्रिप्ट फुकट मिळतं. आणि लॅपटॉप नवा असेल तर आत्ताच बघून घ्या, कारण बऱ्याच नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते. मदरबोर्ड गेला तर ती उघडायला ४८ आकड्यांची रिकव्हरी की लागते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. कागदावर लिहून सोन्याच्या कागदांबरोबर ठेवा. गूगल खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा, तिचे बॅकअप कोड छापून ठेवा. घरातल्या आणखी एका माणसाला हे सगळं माहीत हवं. नवरा अचानक गेल्यावर पासवर्ड न मिळाल्यामुळे वर्षभर खोळंबलेली एक बाई माझ्याकडे आली होती. तिचं काम मी करू शकलो नाही, ते मला अजून लागून आहे.

फाईली लावायच्या, त्या आता, या सगळ्या प्रती झाल्यावर. फार बारीक कप्पे करू नका, ते पाळले जात नाहीत. वर चार फोल्डर पुरेत: पेढी, जमीन व घर, फोटो, आणि न लावलेलं. पेढीत आर्थिक वर्षाप्रमाणे, फोटोंत वर्ष आणि प्रसंगाप्रमाणे. फाईलच्या नावात तारीख आधी आणि उलट्या क्रमाने, म्हणजे वर्ष, महिना, दिवस: "२०२४-०३-१५ पट्टी". मग नावाप्रमाणे लावलं की काळाचा क्रम आपोआप येतो. "नवीन", "फायनल", "फायनल २" अशी नावं दोन वर्षांनी कोणालाच कळत नाहीत. जे जमत नाही ते बिनदिक्कत "न लावलेलं"मध्ये जाऊ दे. तिथली फाईल शोधायला दोन मिनिटं जास्त लागतील, पण ती प्रतींमध्ये असेल. डुप्लिकेट पुसायचं मन झालं तर थांबा. जागा स्वस्त आहे, फोटो नाही. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो आणि कॅमेऱ्यातला मूळ फोटो दिसायला सारखे असतात, पण व्हॉट्सॲप साध्या पाठवणीत फोटो दाबून लहान करतं. घाईत मूळ पुसला जातो.

सात-बारासारखे कागद आता सरकारी संकेतस्थळावरून डिजिटल सहीचे पुन्हा मिळतात, डिजिलॉकरमध्ये खात्याकडून थेट आलेली कागदपत्रंही मूळ प्रतीसारखी मान्य आहेत. त्यांची काळजी थोडी कमी करा. वाटणीपत्र, जुनी खरेदीखतं, वडिलांच्या हातचे कागद यांचे स्कॅन मात्र पहिल्या क्रमांकाच्या ढिगात.

आणखी एक, जे मराठी घरांत हमखास राहून जातं. पेढीची दहा-पंधरा वर्षांपूर्वीची पत्रं, करार श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेले असतील तर फाईल शाबूत असूनही नव्या लॅपटॉपवर ती इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसेल. फॉन्ट ज्या जुन्या मशीनवर आहे ते मशीन चालू आहे तोवर त्या फाईलींची फॉन्टसकट पीडीएफ करून घ्या, आणि महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही नव्या मशीनवर वाचता येणाऱ्या लिपीत, बदलून ठेवा. मूळ फाईलही टाकू नका.

कॉपी पूर्ण झाली की जुन्या डिस्कवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर चालवा. ते डिस्कच्या तब्येतीचा रंग दाखवतं. त्यात "रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स" आणि "करंट पेंडिंग सेक्टर" या दोन ओळींसमोरचे, रॉ व्हॅल्यूज या रकान्यातले आकडे शून्य आहेत की वाढलेले, तेवढं मला कळवा. शून्य असतील तर दोष केबलचा असण्याची शक्यता जास्त, आणि ती डिस्क तिसरी प्रत म्हणून काही दिवस वापरता येईल. वाढलेले असतील तर तिच्यावर नवं काही लिहू नका, पण फेकूही नका. नव्या दोन्ही डिस्कवरचे फोटो उघडून बघून होईपर्यंत ती कपाटात असू दे.